गावातच परगावी

आठवी संपली त्या मे महिन्यात, म्हणजे २०१९ साली, मला गणिताच्या निवासी उन्हाळी शिबिराला घातलं. शिबिर एकवीस दिवसांचं, आमच्याच कोल्हापुरात, राजारामपुरीच्या पलीकडं. आमचं घर मंगळवार पेठेत, खासबाग मैदानाच्या मागं. रिक्षानं पंधरा मिनिटं, त्यातली पाच रिक्षावाला वाटेत कुणाशी तरी बोलण्यात घालवणार.

"पोरगं रोज घरनं येऊन-जाऊन करंल की," बाबा म्हणाले. ऑफिसातल्या मॅडमनी काही न बोलता माहितीपत्रकातल्या 'निवासी' या शब्दावर बोट ठेवलं. आमच्याकडं म्हणतात तसं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. बाबांनी तिथंच फी भरली.

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी सांगितलं की जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, म्हणून या गावाला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण महाराजांनी बोर्डिंगं काढली ती खेड्यापाड्यातनं शिकायला येणाऱ्या पोरांसाठी. मंगळवार पेठेतलं पोरगं मंगळवार पेठेपासून सोडवावं, असं काही त्यांच्या मनात असेल असं वाटत नाही. आणि नारळीकर वाढले बनारसला. मला तेवढं लांबही जायला मिळालं नाही.

पहाटे साडेपाचला घंटा. तेहतीस पोरं, चार बाथरूम. दुसऱ्याच दिवशी सरांनी कबुतरखान्याचं तत्त्व शिकवलं: खुराडी चार आणि कबुतरं तेहतीस असतील, तर एका तरी खुराड्यात किमान नऊ कबुतरं येणारच. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी त्या सकाळी नववं कबुतर होतो, मला सिद्धतेची गरज नव्हती.

मोबाईल पहिल्याच दिवशी कपाटात गेले. रविवारी अर्धा तास मिळायचे. खोलीत माझ्याबरोबर लातूरचा एक, रत्नागिरीचा एक आणि नागपूरचा एक. ते तिघं खरोखर परगावी होते, त्यामुळं त्यांना घरची आठवण यायचा अधिकार होता. मी उसासा टाकला की तिघं हसायचे. "तुझं घर तर वासाच्या अंतरावर आहे," लातूरकर म्हणायचा. त्याला काय सांगणार, दुखणं नेमकं तेच होतं! रंकाळा कसा आहे, मिसळ कुठली खायची, कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात ते खरं काय, हे सगळं मी फाटकाच्या आतनं सांगायचो. एकाही गोष्टीचं प्रात्यक्षिक दाखवायची सोय नव्हती.

जेवण शाकाहारी. त्याबद्दल तक्रार नाही, वरण बरं असायचं. पण पहिल्या बुधवारी ताटात लालभडक रंगाची एक भाजी पडली आणि वाढणारा अभिमानानं म्हणाला, "व्हेज कोल्हापुरी." कोल्हापुरात! माझ्या माहितीतल्या एकाही घरात ही भाजी होत नाही. ती कुठल्या तरी हॉटेलात जन्मली असणार, आणि तिथंच राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. नागपूरकरानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "तुमचं एवढंच का तिखट? आमचं सावजी खाऊन पहा." गावाची अब्रू त्या गाजर-फ्लॉवरच्या हातात होती. मी मान खाली घालून पोळी मोडली.

पुढच्या आठवड्यात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर शिकवले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठीतनं लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं, आणि मग तिथनं सुटका नाही. मी माझं जन्मसाल घेतलं, २००५. ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात! अंगावर काटा आला, कारण माझ्या डोक्याचं गेले दहा दिवस हेच चाललं होतं. मूळ संख्या, वर्तुळ, स्पर्शिका, कुठनंही सुरुवात करा, सातव्या पायरीच्या आत मी पांढऱ्या रश्श्यावर. रविवारी तर दोनच पायऱ्या लागायच्या. रविवारी सकाळी सगळी पेठ मटणाच्या दुकानासमोर उभी असते आणि मी इथं समरूप त्रिकोण शोधत बसलेला.

तिसऱ्या रविवारी पालकभेट होती. फाटकावर पाटी: 'बाहेरील खाद्यपदार्थांस सक्त मनाई.' आई आली. एका हातात माझे धुतलेले कपडे, दुसऱ्या हातात दुधाची किटली, झाकणाला फडकं घट्ट बांधलेलं. वॉचमनमामा उठून आडवे आले. मी आतल्या बाजूला श्वास रोखून उभा.

"काय हाय ओ वहिनी त्यात?"

"औषध हाय. पोराला बरं नाही."

मामांनी किटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वारं आमच्या बाजूनं नव्हतं. मामांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"तांबडं का पांढरं?"

"दोन्ही," आई म्हणाली. "पांढरं पिशवीत हाय."

"मग दुखणं मोठं हाय," म्हणत मामा केबिनमध्ये गेले आणि स्वतःची वाटी घेऊन आले.