उशीर इथेही होतोच, फक्त त्याचा हिशोब सगळ्यांसमोर येतो

मागच्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग जाहीर कार्यक्रमात म्हणाले की वेळेत पूर्ण झालेला एकही संरक्षण प्रकल्प त्यांना आठवत नाही, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. एक बाजू म्हणते स्वदेशीचा हट्ट सोडा आणि सरळ बाहेरून घ्या, दुसरी म्हणते जरा दम धरा. आणि मग कुणीतरी मला टॅग करून विचारतं, तुमच्या कॅनडात नसेल ना गं असलं काही? मी राहते हॅलिफॅक्सला, कॅनेडियन नेव्हीचा पूर्व किनाऱ्यावरचा तळच इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

असतं, आणि चांगलंच असतं. मॅकडोनल्ड पुलावरून डार्टमथला जाताना खाली नेव्हीचं डॉकयार्ड दिसतं, तिथे फ्रिगेट म्हणतात त्या राखाडी युद्धनौका लागलेल्या असतात. अशा एकूण १२, सगळ्या १९९२ ते १९९६ मध्ये सेवेत आलेल्या. त्यांच्या जागी १५ नव्या रिव्हर क्लास डिस्ट्रॉयर यायच्यात, त्या पलीकडच्या आयर्विंग कंपनीच्या जहाजबांधणी यार्डात बांधतायत, त्याची ती भलीमोठी शेड पुलावरूनही नजरेत भरते. यार्ड निवडलं २०११ ला, कामाला हात लागला २०२४ ला, आणि पहिली डिस्ट्रॉयर मिळणार २०३० नंतर. खर्चाचा अंदाज २००८ मध्ये २६ अब्ज कॅनेडियन डॉलर होता, २०२२ मध्ये संसदेच्या बजेट ऑफिसरने तोच ८४ अब्जांवर नेला. तोवर जुन्या डिस्ट्रॉयर २०१७ पर्यंत सगळ्या निवृत्तही झाल्या. तेल आणि रसद पुरवणाऱ्या जहाजांचं तर विचारूच नका, २०१४ मध्ये एका जहाजाला हवाईजवळ आग लागली, दुसरंही मोडीत निघालं, मग चिली आणि स्पेनच्या नौदलांकडून जहाजं मागून घेतली आणि शेवटी एक कंटेनर जहाज बदलून भाड्याने चालवायला घेतलं.

विमानांचं त्याहून वाईट. १९९३ मध्ये नवं सरकार आलं आणि आधीच्यांनी ठरवलेली हेलिकॉप्टरं रद्द केली, त्यापायी जवळपास ५० कोटी डॉलर गेले, आणि १९६३ मध्ये आलेली सी किंग २०१८ पर्यंत उडवत राहिले. फायटर जेटचं बघा, २०१० मध्ये ६५ एफ-३५ घ्यायचं ठरलं, २०१२ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ऑडिटर जनरलने खर्चावरून झोडपलं, २०१५ च्या निवडणुकीत ट्रूडोंनी हे विमान घेणार नाही असं सांगितलं, मध्ये ऑस्ट्रेलियाची जुनी एफ-१८ घेतली, आणि २०२३ मध्ये घेतली ती एफ-३५ च, ८८. आता ट्रम्पच्या टॅरिफनंतर मार्च २०२५ पासून त्याचाही फेरविचार. म्हणजे सरकार बदललं की पाटी कोरी, हा रोग फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

माझे मामा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते, डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून चालत गोदीत जायचे, त्यामुळे १५ जानेवारी २०२५ ला त्याच गोदीत बांधलेल्या सुरत आणि नीलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या तेव्हा मला खरंच भरून आलं. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा आणि पहिली कलवरी आली २०१७ ला, उशीर झालाच, पण गोदी चालू राहिली, हात चालू राहिले. कॅनडाने इथेच घोडचूक केली. शेवटची फ्रिगेट १९९६ मध्ये दिल्यावर पुढची ऑर्डरच नाही, त्या फ्रिगेट बांधणारं सेंट जॉनचं यार्ड २००३ मध्ये बंदच पडलं, आणि आता तेच काम पुन्हा शिकण्यात वर्षं आणि अब्जावधी डॉलर चाललेत. त्यामुळे ‘सरळ बाहेरून घ्या’वाल्यांशी मी सहमत नाही. नाशिकला ओझरची तेजस लढाऊ विमानांची लाइन नुकती कुठे सुरू झालीये, पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं, ती बंद पडली तर ते हात परत मिळणार नाहीत.

पण दम धरा म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचंय, दम धरायचा तो कशाच्या भरवशावर? ८३ तेजस मार्क १ए चा करार फेब्रुवारी २०२१ चा, विमानं मार्च २०२४ पासून यायला हवी होती, अमेरिकेतून इंजिनं वेळेत आली नाहीत आणि बाकीही गोष्टी लांबल्या, तेवढ्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली आणि लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या (स्क्वाड्रन) मंजूर असताना २९ उरल्या. याची किंमत किती? इथे ऑडिटर जनरलने जून २०२५ मध्ये सरळ सांगितलं की एफ-३५ चा खर्च १९ वरून २७.७ अब्जांवर गेलाय, ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये लोक बोलत होते. आणि आपल्याकडे २०१९ मध्ये राफेलवरचा कॅगचा अहवाल आला तेव्हा किमतीचे आकडेच झाकलेले. गोपनीयता हवी ना, रडारची, शस्त्रांची, पण आपण किती पैसे मोजले ते शत्रूपासून लपवायचंय की आपल्यापासून?

हिशोब मांडल्याने कॅनडाची जहाजं लवकर आली नाहीत, हे मान्य. तरी उशीर किती, पैसे किती आणि कुणामुळे, हे इथे कुणीही वाचू शकतं, त्यावर मत देऊ शकतं. आता सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झालाय, विमानं २०२७-२८ पासून यायचीत. दर वर्षी किती आली, किती राहिली, उशिरापायी किती जास्त गेले, हा तक्ता संसदेत मांडला जावा असं तुमच्या खासदाराला लिहा. नाशिककरांनी तर नक्कीच लिहा.