ख्रिश्चन नाही हो, ज्यू

आज सकाळी एका कार्यालयात गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, कारण हे कुठेही झालं असतं आणि झालंही आहे. काम साधं होतं, एक अर्ज द्यायचा होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझं नाव वाचलं. पहिलं नाव बायबलमधलं, आडनावाच्या शेवटी ‘कर’. त्या दोन सेकंद थांबल्या आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’वर टिक करून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, “अहो मॅडम, ख्रिश्चन नाही. ज्यू. यहुदी.”

“तेच ना हो ते? बायबलवालेच ना तुम्ही?”

मागे रांग होती. कुणीतरी च्यक् केलं. मी म्हटलं, तेच नाही, वेगळं आहे. “बरं, मग ‘इतर’मध्ये टाकते,” म्हणाल्या. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. आणि एवढ्या वर्षांनी आज मी ‘इतर’!

घरी आले, जेवले, पण राग काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एकदाच सांगते. आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणायचे. गावावरून आडनावं पडली. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, आम्ही ‘नव्याचा सण’ म्हणायचो, योम किप्पूरला, म्हणजे पश्चात्तापाच्या उपासाला, ‘दारफाळणीचा सण’. इतके आम्ही इथले. गंमत म्हणजे त्या वेळच्या खेडेगावातल्या माणसाला आमचा शनिवार कळत होता, आणि आजच्या शिकलेल्या माणसाला आम्ही ‘येशूवाले’ वाटतो.

माझी आजी ठाण्याला चरईतल्या चाळीत राहायची. शेजारच्या खोलीत वसईची एक कॅथलिक मावशी. मावशी म्हणजे नात्यानं कुणी नाही, पण मावशीच. शुक्रवारी सूर्य मावळला की आजी चूल, स्टोव्ह, काडी कशालाही हात लावायची नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या आमच्या विसाव्याला, विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला “पेटवून दे” असं सांगायचंही नाही. पण चहाशिवाय आजीचं डोकं दुखायचं. तर शनिवारी सकाळी साडेसहाला मावशी आपली कपबशी घेऊन आमच्या दारात हजर. “आजी, माझं रॉकेल संपलंय, तुमच्याकडे चहा करून घेऊ का?” दर शनिवारी तिचं रॉकेल संपायचं. स्टोव्हला पंप मारायची, स्वतःसाठी म्हणून चहा टाकायची, कप भरून घेऊन निघून जायची आणि पातेल्यात बरोबर दीड कप चहा उरायचा. आजी काही बोलायची नाही. मावशी गेल्यावर गाळणं घ्यायची. नियमाच्या काटेकोर भाषेत हे बसतं का? बसत नसेल, एखादा कडक माणूस म्हणेल ही पळवाट आहे. म्हणू दे.

मला सांगायचंय ते एवढंच. त्या मावशीला, जी चौथी शिकलेली होती, पक्कं माहीत होतं की आजीचा शनिवार वेगळा आणि आपला रविवार वेगळा. ती कधी म्हणाली नाही, “तेच ना ते.”

आता सारखं काय, तर खूप आहे, मी नाही म्हणत नाही. येशू ज्यू होता. मेरी ज्यू, जोसेफ ज्यू, पीटर ज्यू, पॉल ज्यू. लूकच्या शुभवर्तमानात लिहिलंय की आठव्या दिवशी येशूची सुंता झाली, जशी आमच्या मुलांची होते. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्यानं ‘शमा इस्राएल’ सांगितलं, ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव एकच’. कोकणात हिब्रू विसरलेल्या आमच्या लोकांच्या तोंडात हीच एक प्रार्थना शाबूत राहिली होती. येशूचं शेवटचं भोजन मत्तय, मार्क आणि लूक म्हणतात त्याप्रमाणे पेसाखचं, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या आमच्या सणाचं, जेवण होतं. आमेन, हालेलुया, होसान्ना हे सगळे आमचे हिब्रू शब्द. आजी आमेन म्हणायची, मावशीही आमेन म्हणायची, भिंतीला भिंत लागून.

पण मग तिथून वाट फुटते ना! पहिलं भांडण तर घरातलंच होतं. येशूला मानायचं तर आधी सुंता करून ज्यू व्हायचं की नाही, यावर येरुशलेममध्ये प्रेषितांची सभा भरली, ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये पंधराव्या अध्यायात आहे. ठरलं, नको. खाण्यापिण्याचे बहुतेक नियमही सुटले. 321 साली रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं रविवार विसाव्याचा दिवस ठरवला. आणि मुख्य म्हणजे देव माणूस होऊन आला, पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एक देव, हे आमच्याकडे मानताच येत नाही. देवाला रूप नाही, चित्र नाही. माणूस जन्मतःच पाप घेऊन येतो हेही नाही. आजी बाळाला मांडीवर घेऊन म्हणायची, “याच्याकडे कसलं गं पाप, याचे अजून दातसुद्धा आले नाहीत.”

आणि बायबलच्या पहिल्या भागासाठीचा तो ‘जुना करार’ शब्द! जुना कुणासाठी? आमच्यासाठी तो जुना नाही, तेवढाच आहे. आम्ही त्याला तनाख म्हणतो. पुस्तकं तीच, पण आम्ही 24 मोजतो, प्रोटेस्टंट 39. कॅथलिकांकडे आणखी काही पुस्तकं धरून 46. नुसती मोजणीच नाही, क्रमही वेगळा. आमचा तनाख इतिहासाच्या पुस्तकावर संपतो, कोरेश राजा म्हणतो, ज्याला येरुशलेमला जायचंय त्यानं जावं. त्यांचा जुना करार मलाखीच्या पुस्तकावर संपतो, आणि मलाखीत शेवटी काय आहे? की मी एलिया संदेष्ट्याला पाठवीन. लगेच पान उलटलं की मत्तय, म्हणजे येशूची गोष्ट सुरू. म्हणजे तेच कागद, पण मांडणी अशी की वाचणारा आपोआप येशूपर्यंत पोचतो. एका पुस्तकाची दोन पुस्तकं झाली, आणि लोक म्हणतात एकच आहे.

एलिया म्हणजे आमचा एलियाहू हन्नाबी. आम्हा बेने इस्रायलांना मोशेइतकाच जवळचा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या आणि रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. लग्न असो, मुलगा परीक्षा पास होवो, घरात मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, पाच फळं, गुलाबाची फुलं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचं गाणं म्हणायचं. मावशी प्रत्येक मलिद्याला यायची. एकदा म्हणाली, “आजी, तुम्ही आम्हाला म्हणता संतांना कशाला मागता, थेट देवाला मागा. मग हा तुमचा एलियाहू नवसाला पावतो तो कोण?” आजीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही फारसं नाही. मान्य.

पण याच एलियावर दोघींचं एकदा जे बोलणं झालं ते मी विसरत नाही. मावशी मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये मिस्साला जायची, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं जुनं चर्च. आजी टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनास्थळी. शनिवारचा तो चहा टाकता टाकता मावशी म्हणाली, “आमचा जॉन म्हणजे तुमचा एलियाच, येशूनं स्वतः सांगितलंय.” आहे तसं, मत्तयच्या अकराव्या अध्यायात. आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझा आला बाई. माझा यायचाय.”

स्टोव्हचा फर्र आवाज, बाकी शांत. दोघी भांडल्या नाहीत. मावशी चहाचा कप घेऊन गेली, दीड कप ठेवून.

मला वाटतं दोन्ही धर्मांतलं सगळं अंतर आजीच्या त्या एका वाक्यात आलं. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द आमच्या ‘मशियाख’चंच भाषांतर आहे, अभिषेक झालेला. ते म्हणतात आला, परत येईल. आम्ही म्हणतो अजून यायचाय, नाही तर जगात इतकी लढाई, इतकी भूक कशी राहिली असती? पेसाखच्या रात्री आम्ही एलियाहूसाठी प्याला भरून ठेवतो. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतो. खुर्ची रिकामी असते, म्हणून तर मांडायची.

आता राग कशाचा ते पुन्हा सांगते, कारण लिहिता लिहिता परत चढलाय. ‘तेच ना ते’ म्हणणारी माणसं दुसऱ्या दिवशी उलटं पण बोलतात. सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीनं मला मधल्या सुट्टीत सांगितलं, “तुम्ही लोकांनी येशूला मारलं.” मी डबा न खाता घरी आले. म्हणजे सोयीनं आम्ही एकच, आणि सोयीनं आम्ही खुनी! या एका वाक्यावर युरोपात शतकानुशतकं आमची माणसं जाळली, हाकलली. आपल्या शेजारी गोव्यातसुद्धा 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मद्रोह शोधणारं न्यायालय, आलं ते आधी बाटवलेल्या ज्यूंच्या मागे लागलं होतं. गार्सिया द ओर्ता त्यांच्यातलाच, आपल्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात पुस्तक छापणारा वैद्य, तो मेल्यावर त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली. हाडं! त्या रांगेत उभं राहून मी हे सगळं कसं सांगणार होते?

मी रडत आले तेव्हा आजी नव्हती, मावशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली की तिच्या लहानपणी गुड फ्रायडेला लॅटिनमध्ये ज्यूंसाठी एक प्रार्थना व्हायची, कुणाला अर्थ कळायचा नाही. पुढे फादरनी सांगितलं की त्यात तुमच्याबद्दल वाईट शब्द होता आणि पोपनं तो काढून टाकला. “मी पण म्हटली असेल गं, न समजता,” म्हणाली. तो शब्द 1959 मध्ये काढला, मी मोठेपणी वाचलं. 1965 मध्ये व्हॅटिकननं जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही. 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि आम्हाला थोरले भाऊ म्हणाले. उशीर केला, खूप उशीर केला, पण केलं. मावशीनं मात्र मला त्या दिवशी दुपारीच जवळ घेतलं आणि मुगाचं धिरडं करून वाढलं.

मिशनऱ्यांबद्दलही एक ओळ लिहायलाच हवी. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीत हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांच्यासारख्यांच्या शाळांमुळे आमच्या लोकांना आपलीच भाषा परत मिळाली. हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. आम्ही व्याकरण घेतलं आणि सिनेगॉगला गेलो. उपकार आहेत, नाकारत नाही.

आणि खरं सांगायचं तर ‘तुम्ही नक्की कोण’ हा प्रश्न आमच्याच लोकांनीही विचारलाय. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी विचारलं, तुम्ही पुरते ज्यू कशावरून? आमच्या माणसांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या सरकारनं सांगितलं की हे सर्वार्थानं ज्यूच आहेत. म्हणजे तिथे आम्ही ज्यू नाही, इथे ख्रिश्चन. मग मी जर खिडकीवरच्या त्या टिकमार्कवरून चिडले तर माझं काही चुकलं का?

दारफाळणीच्या आदल्या दिवशी आजी चाळभर फिरायची. प्रत्येक दारात उभी राहून म्हणायची, “वर्षभरात काही वाकडं बोलले असेन तर मनात ठेवू नका.” आमच्याकडे माणसाचा अपराध माणसानंच माफ करायचा असतो, त्याच्याआधी देवही करत नाही. मावशी हसायची, “आजी, मी तर फादरकडे जाऊन मोकळी होते.” आजी म्हणायची, “फादरशी भांडली असतीस तर ठीक होतं. भांडलीस नळावर, माझ्याशी.” मग मावशी पण माफी मागायची. हेही वेगळेपण, बघा. पण दोघींना एकमेकींचं माहीत होतं म्हणून ते बोलता येत होतं.

त्या खिडकीतल्या बाईंवर आता तेवढा राग नाही राहिला. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. पण “तेच ना ते” म्हणण्याऐवजी “म्हणजे काय हो?” असं विचारलं असतं तर मी रांग थांबवून सांगितलं असतं. सोमवारी परत जाणार आहे, रकाना दुरुस्त करून घ्यायला. ‘इतर’ नाही चालणार.

आज शुक्रवार आहे आणि हनुका, आमचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, तोही चालू आहे. हनुकाची सगळी लढाई मक्काबींच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक आमच्या तनाखमध्ये नाही, कॅथलिक बायबलमध्ये आहे. मावशीच्या मुलानं एकदा आपलं जाडजूड इंग्रजी बायबल आणून आजीला ते मराठीत करून वाचून दाखवलं होतं. आजी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आणि तेल? एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ते कुठाय?” तो पानं उलटत राहिला. ते तिथे नाहीच, ते आमच्या तालमूदमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, आहे. मावशी म्हणाली, “अर्धी गोष्ट आमच्याकडे, अर्धी तुमच्याकडे.”

सहा वाजत आलेत. आधी हनुकाचे दिवे, मग शब्बाथचे, वाती भिजत ठेवल्यात. कमेंट्सना उत्तरं उद्या रात्री, तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर.