स्वॅब चाचणीतील इशारा म्हणजे स्फोटकांचा पुरावा नव्हे

विमानतळावर प्रवाशाच्या हातावरून किंवा बॅगेवरून फिरवलेली पट्टी यंत्रात घातल्यावर इशारा वाजला, तर त्याच्याकडे स्फोटके होती हे सिद्ध होते, असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि निरपराध माणसावर कायमचा संशय ओढवणारा असल्याने त्याचा खुलासा आवश्यक वाटतो.

या प्रकारची अनेक यंत्रे पट्टीवरील कण तापवून त्यांची वाफ करतात, तिच्यातील रेणूंना विद्युतभार देतात आणि ते विद्युत क्षेत्रातून किती वेळात पुढे सरकतात हे मोजून नोंदवलेल्या स्फोटकांशी ताडून पाहतात. हृदयविकाराच्या रुग्णाला छातीतील कळेसाठी दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन हे स्वतःच स्फोटक द्रव्य आहे. औषधातील त्याची मात्रा अत्यल्प व निर्धोक असली, तरी यंत्र ते ओळखू शकते. काही नत्रयुक्त खतांचे किंवा हाताला लावायच्या क्रीमचे अंशही असा इशारा देऊ शकतात. म्हणूनच इशाऱ्यानंतर पुन्हा चाचणी, सामानाची झडती व चौकशी होते.

उलट, धातुशोधक दार शांत राहिले म्हणजे धोका नाही, हेही खरे नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात दडवून पीईटीएन हे स्फोटक नेले होते; हे द्रव्य धातू नसल्याने तसे दार ते ओळखू शकत नाही. तो स्फोट फसला आणि त्यानंतर अनेक विमानतळांवर शरीर-स्कॅनर बसवण्यास वेग आला.