कोजागिरीचे उधाण आणि खडकावरचा गळ

पाऊस ओसरू लागला की मुंबईतल्या हौशी गळवाल्यांच्या मोबाइलवर दर वर्षी एक मजकूर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मथितार्थ मात्र तोच राहतो: नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत होतो, पुढे कोजागिरीचे उधाण, म्हणजे त्या पौर्णिमेची मोठी भरती, ही गळाला मासा लागण्याची वर्षातली सर्वोत्तम वेळ असते, तेव्हा अष्टमी-नवमीच्या दिवसांवर फुली मारावी, उधाणाच्या रात्री किंवा पहाटे खडक गाठावा आणि चढत्या भरतीलाच गळ टाकावा, पाणी गढूळ दिसले तर परत फिरावे, आणि शक्य असेल तर अलिबागच्या पुढे जावे, कारण सांडपाण्यामुळे शहराच्या किनाऱ्यावर मासा उरलेला नाही. या मजकुरात थोडे तथ्य आहे, म्हणून तो इतकी वर्षे चालतो. पण त्याच्या भरवशावर नवखा माणूस निसरड्या खडकावर पाय ठेवतो, तेव्हा त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे भाग आहे.

पहिले विधान समुद्र शांत होण्याचे. नारळी पौर्णिमा श्रावणात, म्हणजे बहुधा ऑगस्टमध्ये येते, आणि मोसमी पाऊस मुंबईतून माघारी फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. मधले दीड-दोन महिने नैऋत्येची लाट ओसरत जाते हे खरे, पण ती तिथी पाहून थांबत नाही. कोळी समाज त्या दिवशी दर्याला नारळ अर्पण करतो तो दर्या शांत झाला म्हणून नव्हे, तर त्याने शांत व्हावे म्हणून. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. फयान 11 नोव्हेंबर 2009 रोजी अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. 2019 च्या दिवाळीत क्यार किनाऱ्यापासून लांब राहिले, तरी त्याने समुद्र खवळवून सोडला. दूरच्या वादळाची लाट निरभ्र आकाशाखालीही येऊन धडकते, म्हणून डोक्यावरचे आकाश पाहून समुद्राचा अंदाज बांधता येत नाही. हैदराबादचे इन्कॉईस, म्हणजे समुद्राच्या स्थितीची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र, उंच लाटांचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

खरा घोळ आहे तो कोजागिरीच्या उधाणाचा. उधाण दर पंधरवड्याला, पौर्णिमेला आणि अमावास्येला येते, आणि त्याचा जोर बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. त्यामुळे कोजागिरीच्या रात्रीला भरतीच्या दृष्टीने काही खास स्थान नाही, दुधाच्या दृष्टीने असेल तर ती गोष्ट वेगळी. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी सरासरी 4.4 मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला 0.8 मीटरच्या आसपास उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, हेच आकडे साधारण 3.3 आणि 1.9 मीटर असतात. याचा अर्थ असा की त्याच सहा तासांत उधाणाला भांगाच्या अडीच पट उंचीचे पाणी आत-बाहेर होते. प्रवाहाला इतका वेग आला की गळाचे शिसे, म्हणजे वजन, तळाला ठरत नाही, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तिरपा ओढला जातो आणि किनाऱ्यालगतचा सगळा कचरा उठून पाण्यात फिरू लागतो. गेल्या आश्विनात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मढच्या एका खडकावर मी साठ ग्रॅमचे शिसे लावले होते. ते वाहत जाऊन दोनदा कपारीत अडकले आणि तिसऱ्यांदा गळाला दुधाची रिकामी पिशवी आली. त्याच खडकावर आठवड्याने, वद्य अष्टमीच्या पहाटे, वीस ग्रॅमचे शिसे जागचे हलले नाही आणि कोळंबीच्या आमिषाला बेताच्या आकाराचा हेकरू लागला. एका माणसाच्या दोन फेऱ्यांवरून नियम ठरत नाही, हे मान्य आहे; पण शिसे का ठरले आणि का ठरले नाही, याचे कारण वरच्या आकड्यांत आहे.

वेळेचे गणित तर कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकाने सुरू होते, आणि दिवसातली दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तर मुंबईत हा हिशेब चालतो. आता मजकुरातला सल्ला या हिशेबावर घासून पाहावा. कोजागिरीच्या पहाटे पाच-साडेपाचला वांद्र्याच्या कार्टर रोडला किंवा बँडस्टँडला पोहोचलेल्या माणसाला पूर्ण ओहोटी भेटते. पाणी दूर गेलेले असते आणि समोर कालवांनी भरलेले खडक उघडे पडलेले असतात. रात्री नऊला गेलेला माणूस कोरड्या खडकांवरून सहज पुढे चालत जातो, पण साडेअकराच्या सुमारास त्याच्या पाठीमागची घळ पाण्याने भरलेली असते, आणि पावसाळ्यात खडकांवर चढलेले हिरवे शेवाळ तोवर पुरते वाळलेलेही नसते. उलट अष्टमी-नवमीला पूर्ण भरती आणि उजाडण्याची वेळ जवळजवळ जुळते, संध्याकाळी तीच जुळणी मावळतीशी होते, आणि मासा खाण्यावर असतो तो बहुधा याच संधिप्रकाशात. खडकावरून गळ टाकणाऱ्याने या दिवसांवर फुली मारावी, हा सल्ला म्हणूनच उफराटा आहे.

चढती भरतीच चांगली, हे विधान खडकापुरते बरेचसे खरे आहे, कारण पाणी चढते तसा मासा कपारीतले खेकडे आणि कोळंबी टिपायला जवळ येतो. खाडीच्या मुखाशी मात्र चित्र उलटे असते. मनोरी, मार्वे किंवा वसईच्या खाडीतून ओहोटीचे पाणी बाहेर पडू लागले की बोईट आणि कोळंबी त्याबरोबर ओढली जातात, आणि जिताडा व रावस त्यांची वाट पाहत प्रवाहाच्या कडेला थांबतात. तिथे भरती संपताच सामान आवरणारा माणूस नेमक्या वेळी घरी निघालेला असतो.

गढूळ पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. मुंबईचा किनारा गाळाचा आहे आणि उधाणाचा प्रवाह तो गाळ पाऊस नसतानाही ढवळत राहतो, त्यामुळे निवळशंख पाण्याची वाट पाहणाऱ्याने गळ विकून टाकावा हेच बरे. गढूळ पाण्यात अडचण होते ती नजरेला भुलवणाऱ्या चकचकीत ल्यूरची, म्हणजे नकली आमिषाची. शिंगाळा वासावर येतो, जिताडा पाण्यातली थरथर अंगावरच्या रेषेने ओळखतो, आणि ताज्या कोळंबीचा वास गाळाने अडत नाही. पाणी गढूळ असेल तर आमिष बदलावे, इतकाच त्याचा अर्थ.

राहिले सांडपाणी. या विधानाशी वाद घालताना मला जपून लिहावे लागते, कारण त्याचा अर्धा भाग दुर्दैवाने खरा आहे: मिठी नदी जिथे समुद्राला मिळते त्या माहीमच्या खाडीची अवस्था कोणीही नाकाने ओळखू शकतो. पण तिथून संपूर्ण शहराच्या किनाऱ्याला मेलेला ठरवणे ही मोठी उडी झाली. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून जिवंत प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. जिथे प्रवाळ तग धरतात तिथे तांबोशी आणि हेकरू का नसावेत? गणेश विसर्जनाच्या वेळी पाकटांपासून सावध राहण्याच्या सूचना महापालिका देते, आणि 2013 साली गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांचे दंश झाले होते. म्हणजे मासा चौपाटीवर घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत येतो. गळवाल्याने त्या दिवसांत पाण्यात उभे राहायचेच असेल तर पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्यावा, म्हणजे पाकट चाहूल लागून बाजूला होते. मासा आहे की नाही आणि तो खावा की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मढला लागलेला हेकरू मी घरी नेला. माहीमच्या खाडीत कधी शिंगाळा लागलाच, तर काटा सांभाळून गळ काढतो आणि त्याला परत पाण्यात सोडतो.