हात लावला की निघणारच

जुन्या घराची गळती पावसात दिसते आणि दुरुस्ती उन्हात होते, सगळा घोळ इथेच आहे. जुलैत मिस्त्रीला बोलावलं की तो दारातूनच वर बघतो आणि म्हणतो, "आता काय करणार साहेब, ओलं हाय समदं. दिवाळी होऊंद्या." दिवाळीनंतर बोलावलं की त्याच दारात उभा राहून विचारतो, "कुठं गळतंय? दिसंना झालंय की." आम्ही छतावरचा पिवळा डाग दाखवतो. त्यावर तो हसतो. डाग एकीकडे असतो आणि पाणी भलतीकडूनच मुरत येतं, हे त्याचं शास्त्र. म्हणजे खरी जागा शोधायला पाऊस पाहिजे. आणि पावसात काय, तर ओलं हाय समदं.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं हे घर आजोबांनी बांधलं. ओसरीसारखा पुढचा सोपा कौलारू, मागच्या खोल्यांवर वडिलांनी घातलेला स्लॅब. दोन्हींचा जोड जिथं येतो तिथं दोन पिढ्यांमधला मतभेद दर पावसाळ्यात ठिबकतो. शेजाऱ्यांनी मजला चढवल्यापासून मधल्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. मावळतीचं ऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतं तो किरणोत्सव निदान नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत असा दोनदा होतो. आमच्या मधल्या खोलीच्या नशिबात तेवढाही नाही.

तर प्रश्न असा, की हेच घर नीट करून घ्यायचं का पैसे साठवून दुसरं बघायचं? घरात यावर दोन पक्ष आहेत. बायको फ्लॅटवाली, आई दुरुस्तीवाली. मी आघाडी सरकार.

एकदा मिस्त्रीकडून रीतसर अंदाज काढून घेतला. माणूस कामाला वाघ. थापीच्या दांड्यानं भिंत वाजवत वाजवत पुढं सरकायचा आणि कान लावायचा. टक, टक, टक, आणि मग एके ठिकाणी 'बद्द'. "पोकळ हाय," तो म्हणाला. आणि खात्री करायला जरा जोरात मारलं, तर ताटाएवढा गिलावा खाली. आत भाजक्या विटा, त्यांच्यामागे मातीची भेंडी, आणि भेंड्यांच्या फटीत वाळवीनं काढलेली रेघ, थेट तुळईपर्यंत. आई म्हणाली, "कालपर्यंत चांगली होती की रे भिंत." मिस्त्री म्हणाला, "काकू, जुनं घर. हात लावला की निघणारच."

हेच ते वाक्य. बाथरूमची फरशी बदलायला गेलं की खालची पाइप निघते, पाइप निघाली की भिंत निघते, भिंत निघाली की वायरिंग निघतं, आणि वायरिंग निघालं की माझ्या तोंडून काय काय निघतं ते लिहिण्यासारखं नाही. किती खर्च येईल विचारलं तर उत्तर ठरलेलं: "उघडल्याबिगर सांगता येत न्हाई." पेशंटचं पोट फाडल्यावरच बिल सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही, पण घराच्या बाबतीत आपण ते मुकाट्यानं ऐकून घेतो. तरी त्यानं सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा, गिलावा, फरशी, प्लंबिंग असं सगळं लिहिलं, खाली बेरीज मारली आणि बेरजेपुढं अधिकचं चिन्ह टाकलं. ते चिन्ह कशाचं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

तो कागद बघून बायको म्हणाली, "एवढ्यात तर फ्लॅटचं बुकिंग होतंय."

म्हणून फ्लॅट बघायला गेलो. आई पण आली, विरोधी पक्षनेता म्हणून. कोल्हापुरात घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न किंमत किती हा नसतो. 'पाणी येतं का?' हा असतो. आईनं तोच विचारला. तिथला पोरगा पुण्याहून आलेला असावा. उत्साहानं म्हणाला, "येतं ना काकू! भरपूर! चोवीस तास!" आई दोन पावलं मागं सरकली. त्याला २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पंचगंगा त्याच्याही कितीतरी वर गेलेली. पंचगंगेच्या पुराची निळी रेषा कुठून जाते, लाल कुठून, हे विचारल्यावर पोरगा आतून मोठ्या साहेबांना घेऊन आला.

सॅम्पल फ्लॅट मात्र देखणा. पलंग बघून बायको खूश झाली. मी त्यावर आडवा होऊन बघितला तर पाय गुडघ्यापासून बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड केलेला. कपाटांना दारं नाहीत, दारांना जाडी नाही. रेरा कायदा आल्यापासून विक्री कार्पेट एरियावर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर करावी लागते, ही फार मोठी सोय झाली. पण तोंडी सगळे अजून जिना-लिफ्ट धरून मोजलेल्या सुपर बिल्टअपमध्येच राहतात. आकडा मोठा असला की माणूस ऐसपैस वाटून घेतो.

मग हिशोबाला बसलो. समजा फ्लॅट ५० लाखांचा. बँक ८० टक्क्यांपर्यंत देणार, म्हणजे ४० लाख. वरचे १० आपले. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच लाख. नोंदणीचे ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळंच. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत मिळते, हे पोरग्यानं सांगितलं तेव्हा बायकोनं पहिल्यांदाच माहितीपत्रक बाजूला ठेवून माझ्याकडं प्रेमानं बघितलं. आईनं पण बघितलं, पण ते वेगळं.

४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. शेवटी बँकेला दिलेले एकूण ८३ लाखांच्या पुढं. म्हणजे एक फ्लॅट मला आणि जवळजवळ एक बँकेला. तेव्हापासून छताच्या डागाकडं मी जरा आपुलकीनं बघायला लागलो. दुरुस्तीचा आकडा ऐकला की फ्लॅट स्वस्त वाटतो आणि फ्लॅटचा आकडा ऐकला की गळती सोसवते. या दोन आकड्यांच्या मध्ये आमची बरीच वर्षं सुखासमाधानानं गेली आहेत.

बरं, कर्ज काढूनच दुरुस्ती करावी म्हटलं, तर सिटी सर्व्हेचा उतारा आडवा येतो. त्यावर आजोबांच्या खाली काका, आत्या, वारलेले काका, त्यांची मुलं अशी सगळी वंशावळ उभी आहे. सह्या मागायला फोन केला तर पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "भावा, तू म्हणशील तिथं सही. फक्त आधी जरा बसून बोलूया." हे 'बसून बोलूया' फार धोक्याचं. इचलकरंजीची आत्या म्हणाली, "मला काय नको बाबा त्यातलं. पण आधी विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं." मी विचारायलाच फोन केला होता.

करसल्लागारानं आणखी भर घातली. जुन्या कर-पद्धतीत राहत्या घराच्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट. दुरुस्तीच्या कर्जाला किती? ३० हजार. म्हणजे सरकारचंही मत बायकोच्या बाजूनं.

कट्ट्यावर विचारावं तर तिथं सगळेच तज्ज्ञ. "जाग्याला मरण न्हाई, पेठेतली जागा सोडू नकोस," असं मला बजावणारा स्वतः आर. के. नगरला राहायला गेलाय आणि रोज संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर येऊन बसतो. दुसरा म्हणतो, "पाडून नवं बांध की लगा." पाडायचं सोपं आहे. आमच्या उत्तरेची भिंत सामाईक आहे. ती पाडली तर शेजाऱ्यांचं देवघर रस्त्यावर येईल.

आईला एकदा शांतपणे विचारलं, नेमकं काय अडतंय फ्लॅटमध्ये? ती म्हणाली, "दार लावून बसतात तिथं." आमच्या सोप्याचं दार सकाळी उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावर बंद होतं. मधल्या वेळात गल्लीतलं कुणीही येऊन चहा, साखर, पेपर किंवा माझी स्कूटर घेऊन जातं. बायकोला विचारलं, नेमकं काय अडतंय इथं? ती म्हणाली, "दार कधी लागतच नाही."

हे एकाच दाराचं आहे म्हटल्यावर मी हिशोबाची वही मिटली.

यंदा ठरवलं, निदान स्लॅबचं तरी उरकायचं. मिस्त्रीला फोन लावला. म्हणाला, "साहेब, म्हैनाभर जमायचं न्हाई. फ्लॅट घेतलाय, शिफ्टिंग चाललंय." मी गारच पडलो. पेठेतली इतकी जुनी घरं उघडून बघितलेला माणूस! "आणि तुमचं जुनं घर?" मी विचारलं.

"इकलं की. त्येला कोण हात लावतंय?"

आई शेजारीच बसली होती. फोनकडं तोंड करून तिनं विचारलं, "पाणी येतं का तिथं?"

"न्हाई काकू," तो म्हणाला, "टँकरच हाय."

आई म्हणाली, "मग चांगली जागा आहे."