कसंतरीच होतंय

सॉफ्टवेअरच्या डेमोमधला रुग्ण मला एकदा तरी खरोखर भेटावा, अशी फार इच्छा आहे. त्याला एकच तक्रार असते, जन्मतारीख पाठ असते, चालू औषधांना तो 'त्या पांढऱ्या गोळ्या' म्हणत नाही. आणि जाताना दाराशी थांबून 'हां, छातीतही जरा दुखतं' असं तर मुळीच म्हणत नाही.

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि हा सद्गृहस्थ माझ्या मागेच लागला. पहिल्या विक्रेत्याने त्याला दीड मिनिटात बिलासकट वाटेला लावलं. मी म्हटलं, "आता माझा एक घाला. तक्रार: कसंतरीच होतंय."

त्याने आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची यादी उघडली. सर्दीला जे००. मगर चावली तर डब्ल्यू५८. (मगरीची सोय आहे, मी डोळ्यांनी पाहिली.) कसंतरीला काही नाही. बरंच खाली-वर करून त्याने आर५३ काढला: अस्वस्थता आणि थकवा. अहो, थकवा नाही, कसंतरीच!

दुसरं सॉफ्टवेअर फार काळजीवाहू. औषध लिहिलं की इशाऱ्याची लाल चौकट, डोस लिहिला की पिवळी. पंधराव्या चौकटीनंतर मी न वाचताच 'ठीक' दाबू लागलो. विक्रेता हळूच म्हणाला, "सर, पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला तुम्ही आत्ता अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनचाच भाऊ दिलात." डेमोमधला होता म्हणून वाचला.

तिसऱ्याला मी घरून पाठ करून आणलेला प्रश्न टाकला. "उद्या तुम्हाला सोडायचं झालं, तर माझे रेकॉर्ड बाहेर कसे काढायचे? तुमच्याकडे फायर आहे का?" एफएचआयआरचा उच्चार 'फायर' करतात, सॉफ्टवेअरांनी आपसात माहिती द्यायची-घ्यायची ती पद्धत. पण काउंटरवरच्या ताई दचकून अग्निशामकाकडे धावल्या. विक्रेत्याचा चेहरा मात्र शांत. "काढता येतात ना सर! एकेका रुग्णाची पीडीएफ." माझे रुग्ण नऊ हजार.

शेवटी निवड ताईंनीच केली. त्यांनी चौथ्यात एका रुग्णाचं आडनाव मुद्दाम चुकीचं टाइप केलं, तरी माणूस सापडला. वर तक्रारीसाठी मोकळी चौकट, हवं ते लिहा. "हेच घ्या," म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.

पहिल्याच दिवशी आजोबा आले. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून ती मोकळी चौकट शोधत होतो. मिनिट गेलं, दोन गेली. आजोबांनी वाकून माझ्याकडे नीट पाहिलं.

"डॉक्टर, तुम्हालापण कसंतरीच होतंय का?"