हसरं गाजर

चांगलं जेवण मजेदार कसं करावं हे शिकायचं असेल, तर आधी एक श्रद्धा मनाशी पक्की बांधा: चांगलं जेवण मुळात रटाळ असतं. ही श्रद्धा डळमळली की पुढचं सगळं मुसळ केरात. भाजी नीट शिजली आहे, मीठ बरोबर पडलंय, पोटात भूक आहे, तेव्हा माणसं आपणहून जेवतील, असल्या भाबड्या समजुतीत राहू नका. भाजी ही शिक्षा आहे आणि तुम्ही त्या शिक्षेचे सूत्रसंचालक आहात.

सुरुवात घोषणेनं करा. ताटं वाढायच्या आधीच, जरा गाऊन म्हटल्यासारखं, "आज की नाई, पौष्टिक केलंय हं!" हा सूर महत्त्वाचा. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर जो सूर लावतात, तोच. त्याचा परिणाम तपासूनही झालाय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका मुलीची चित्रगोष्ट दाखवली. काही मुलांना सांगितलं, हे खाऊन ती मुलगी सशक्त झाली किंवा तिला वाचता येऊ लागलं. काहींना असलं काहीच सांगितलं नाही. मग तोच पदार्थ मुलांपुढे ठेवला. ज्यांना फायदे सांगितले होते त्यांनी तो कमी खाल्ला. मुलांचा हिशेब सरळ होता: ज्याची एवढी वकिली करावी लागते, ते चवीला काय असणार! तेव्हा तुम्ही अ जीवनसत्त्वावर निदान चार वाक्यं बोलाच. लोहावर दोन. पालकातल्या लोहाचा बराचसा भाग शरीराला सहज शोषता येत नाही, हे मात्र सांगू नका. रंगाचा बेरंग होतो.

यानंतर सजावट. गाजराला डोळे काढा. काकडीचं कासव, सफरचंदाचं बदक, उकडलेल्या अंड्याचा उंदीर. एका ताटाला चाळीस मिनिटं गेली पाहिजेत. त्याहून कमी लागली तर तुमचं प्रेम अपुरं आहे. एवढ्या वेळात भाजी गार होते आणि मुलाची भूक मरते, पण फोटोत दोन्ही दिसत नाही. मी स्वतः एकदा भाचीसाठी गाजराचा ससा केला होता. मिशांसकट. तिनं त्याला नाव ठेवलं, रुमालाच्या पांघरुणात निजवलं आणि मी सुरी उचलल्यावर असं भोकाड पसरलं की शेजारचे डोकावले. ससा तीन दिवस फ्रीजमध्ये राहिला. चौथ्या दिवशी अंधारात, ती झोपल्यावर, त्याची विल्हेवाट लावली. खाल्ला कोणीच नाही. मजा मात्र आली, हे नाकारता येणार नाही.

डोळे काढायचा कंटाळा असेल तर नुसतं नाव बदला. या शाखेला तर मोठी विद्वत्परंपरा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक ब्रायन वॉन्सिंक यांनी २०१२ साली शोधनिबंध छापला, की शाळेच्या जेवणात गाजरांना 'क्ष-किरण दृष्टीची गाजरं' असं भारदस्त नाव दिलं की मुलं ती जास्त खातात. त्याच वर्षी दुसरा निबंध: सफरचंदावर टीव्हीवरच्या लाडक्या बाहुल्याचा स्टिकर लावला की मुलं बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात. जगभरच्या आईबापांनी स्टिकर आणले. पुढे कळलं, की आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितलेली स्टिकरवाली मुलं प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची होती. तो निबंध मागे घेतला, दुरुस्त करून पुन्हा छापला, पुन्हा मागे घेतला. गाजरांचा निबंधही २०१८ मध्ये मागे गेला. त्याच वर्षी विद्यापीठानं गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि प्राध्यापकांनी राजीनामा दिला. पण एवढ्यानं खचून कसं चालेल? निबंध मागे घेता येतो, फ्रीजवर डकवलेला स्टिकर निघत नाही. तुम्ही आपले फ्लॉवरला 'ढगांचं झाड' म्हणत राहा. मूल विचारेल, "मग हे फ्लॉवरसारखं का लागतंय?" हसून विषय बदला.

आता लाच. "अजून दोन घास, मग आइस्क्रीम!" या वाक्यात अख्खं शिक्षणशास्त्र सामावलंय. कुठली गोष्ट काम आहे आणि कुठली पगार, हे मुलाला पहिल्या दिवशीच कळतं. लीन बर्च या संशोधिकेनं सहकाऱ्यांसोबत १९८४ मध्ये हेच तपासलं होतं. एक नवं पेय संपवल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर बक्षिसाच्या दिवसांत ती ते पीत. पण नंतर त्याच पेयाची आवड आधीपेक्षा घटलेली. नुसतं "वा, छान!" म्हटलं तरी तेच. आणि १९९९ च्या एका अभ्यासात उलट टोक दिसलं: मुलांच्या डोळ्यांदेखत एखादा खाऊ बंद डब्यात ठेवला की त्यांचं सगळं लक्ष त्या डब्यावर. म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर डबा ठेवून, त्याकडे तिरका डोळा ठेवत, मुलाला भाजीबद्दल उत्साही करणं ही आपली जुनी घरगुती पद्धत शास्त्रोक्त आहे. फक्त ती भाजीच्या बाजूनं काम करत नाही, इतकंच.

धीर धरू नका, हे विसरायला नको. नवा पदार्थ मुलानं स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं. नवं खायला बिचकण्याचा भर साधारण दोन ते सहा या वयात असतो. आणि काहींना तर भाजी खरोखरच इतरांपेक्षा कडू लागते. कडूपणाची ती जाणीव जनुकातून येते. पण आपल्याला कुठे एवढा वेळ? तिसऱ्या नकाराला ओळखीपाळखीत जाहीर करून टाका, "आमच्याकडे वाटाणे चालतच नाहीत." मूल ऐकत असतं. ते ही ओळख निष्ठेनं सांभाळेल, अगदी लग्नाच्या वयापर्यंत.

लपवाछपवी करायची असेल तर किसलेला दुधी केकमध्ये घाला. ही युक्ती बरी चालते, म्हणूनच ती शेवटपर्यंत नेऊ नका. मूल दुसरा तुकडा मागत असतानाच विजयानं टाळी वाजवा: "फसलास! यात दुधी होता!" पुढची दोन वर्षं ते तुमच्या हातचं पाणीसुद्धा हुंगून पिईल.

क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंचा मात्र नाद करू नका. त्यांनी १९२८ पासून छापलेल्या कामात नुकतंच दूध सुटलेल्या बाळांना काय आणि किती खायचं ते स्वतःच ठरवू दिलं. पंधरा मुलं, चौतीस पदार्थ, आणि वाढणाऱ्या परिचारिकांना हुकूम, की हे खा ते खा असं काही सुचवायचं नाही. मुलं धष्टपुष्ट झाली. यात खरी मेख अशी होती, की चौतीसही पदार्थ साधे, ताजे, साखर न घातलेले होते. निवड मुलांची, यादी मोठ्यांची. आपल्याकडे यादी मुलांची आणि निवड मोठ्यांची असते, त्यामुळे तुलना नको.

पाहुणे येणार असतील तर हेच सगळं दसपट. चारचौघांसोबत माणूस एकट्यापेक्षा जास्त जेवतो, असं जेवणाच्या रोजनिश्या तपासणाऱ्यांनी १९८९ मध्येच नोंदवलं: सरासरी ४४ टक्के. गप्पांच्या नादात हात चालूच राहतो. हा धोका ओळखा आणि गप्पा वेळेवर तोडा. प्रत्येक वाटीशेजारी चिठ्ठी ठेवा: साखर नाही, मैदा नाही, तेल जवळजवळ नाही. जेवणात काय काय नाही याची यादी पदार्थांहून लांब झाली, की पाहुण्यांना आपण कुठे आलो आहोत ते नेमकं कळतं. कोणी दुसऱ्यांदा मीठ घेतलं तर मोठ्यानं आठवण द्या, "दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हं, जागतिक आरोग्य संघटना सांगते." आकडा खरा आहे, त्यामुळे कोणाला काही बोलता येत नाही. जेवताही येत नाही.

मधोमध टरबुजाचा हंस हवाच. कोरायला दुपार जाते, म्हणून तो हलवायचा नाही, कापायचा नाही, फ्रीजमध्ये तर मावतच नाही. कापलेलं फळ आणि शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, पाच ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, वगैरे नियम साध्या फळांसाठी असतात. हंस ही कला आहे.

मुलांच्या पार्टीत एक हुकमी करमणूक असते, तिला खर्च नाही. "साखर खाल्लीय ना, बघा आता कसे उड्या मारतात!" असं एका आईनं म्हणायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. १९९४ मध्ये काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला साखर दिली आहे. मुलांना खरं तर साखर दिलीच नव्हती. तरी त्यांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांच्या मागे मागे राहून जास्त टोकत राहिल्या. म्हणजे उड्या मुलांच्या आणि नशा आपली. हा खेळ पुढच्या वेळी गाजराच्या रसावर खेळून बघा.

मुलांना स्वयंपाकात घ्यायला सांगतात ते लोक ओटा पुसत नसावेत. स्वतः हात लावलेलं मुलं जास्त खातात, हे पटण्यासारखं आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली मोजूनही पाहिलंय. तेव्हा घ्या त्यांना, पण हातात काही देऊ नका. त्यांनी कोशिंबिरीचा चमचा धरला की "अरे, सांडेल! दे इकडे!" फोटोपुरता परत द्या.

एवढं सगळं करून रात्री स्वयंपाकघरात तुम्ही एकटेच ओट्याला टेकून उभे असाल. पाय दुखत असतील. ससे, कासवं, ढगांची झाडं तशीच परत आलेली. भूक लागल्यामुळे तुम्ही सोलताना बाजूला पडलेला गाजराचा तुकडा उचलाल, ज्याला ना डोळे ना नाव, आणि कडाकड चावायला लागाल. तेवढ्यात मागून आवाज येईल, "काय खातेस? मला पण."

मुळीच घाबरू नका. असं क्वचित घडतं. फोन शोधा, दिवा लावा, त्याला परत दारात जाऊन पुन्हा तसंच यायला सांगा. आणि हो, तुकडा देण्याआधी अ जीवनसत्त्वाचं सांगायला विसरू नका.